रेखालिपी-ब : उलगडा, आख्यायिका आणि प्रमाण

१

प्राचीन लिपींच्या उलगड्याचे वृत्तांत हा आधुनिक विद्याक्षेत्रातील एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा लागेल. अशा वृत्तांतांची घडण बहुधा ठरावीक असते. प्रारंभी एक विस्मृत नगरी, मग मातीखालून निघालेले अनाकलनीय लेख, त्यानंतर विद्वानांच्या दोन-तीन पिढ्यांचे निष्फळ प्रयत्न, आणि अखेरीस एका प्रतिभावंताच्या दृष्टीसमोर अकस्मात झालेला प्रकाश. घडण इतकी सुटसुटीत असली की ती सत्यापेक्षा आख्यायिकेला अधिक जवळची असते, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे इष्ट होय. क्रीट बेटावरील व ग्रीसच्या मुख्य भूमीवरील ‘लिनिअर बी’ अथवा रेखालिपी-ब या लिपीचा १९५२ साली झालेला उलगडा या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकातील भाषाविषयक शोधांमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे. आणि आख्यायिकेचे आवरणही त्याच्याइतके दाट क्वचितच दुसऱ्या कोणत्या शोधावर चढले असेल.

या उलगड्याची हकीकत सांगणारे दोन ग्रंथ येथे विचारार्थ घेतले आहेत. पहिला जॉन चॅडविक यांचा, १९५८ साली प्रसिद्ध झालेला ‘द डिसायफरमेंट ऑफ लिनिअर बी’. दुसरा मार्गालिट फॉक्स यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला ‘द रिडल ऑफ द लॅबिरिंथ’. पहिला ग्रंथ उलगड्यात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या पंडिताने लिहिलेला आहे, तर दुसरा अर्धशतकाहून अधिक काळानंतर उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे एका पत्रकार लेखिकेने लिहिलेला आहे. उलगडा कोणी केला, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या अग्रभागी आहे. तो कशामुळे शक्य झाला आणि तो खरा आहे हे कशावरून मानावयाचे, हे प्रश्न मात्र त्या मानाने मागे राहतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला खरे प्रयोजन या मागे राहिलेल्या प्रश्नांशी आहे.

२

क्नोसॉस येथील उत्खननास आर्थर इव्हान्स यांनी मार्च १९०० मध्ये प्रारंभ केला. त्या स्थळी प्राचीन अवशेष आहेत हे इव्हान्स यांच्या आधी, १८७८ साली, मिनॉस कालोकेरिनॉस या स्थानिक क्रीटवासी गृहस्थाने थोडे उत्खनन करून दाखवून दिले होते. इव्हान्स यांना पहिल्याच हंगामात लेखांकित मृत्तिकापट्ट मोठ्या संख्येने मिळाले. हे पट्ट मुळात भाजलेले नव्हते, केवळ वाळवलेले होते. राजवाड्याला लागलेल्या आगीत ते भाजले गेले आणि त्यामुळेच टिकले. त्यांवरील लिपीचे इव्हान्स यांनी रेखालिपी-अ आणि रेखालिपी-ब असे दोन प्रकार ठरविले. हे वर्गीकरण आजही मान्य आहे, आणि ते इव्हान्स यांच्या सूक्ष्म दृष्टीचे द्योतक आहे.

परंतु त्याच इव्हान्स यांच्या मनावर क्रीटच्या पुराणकथेचा पगडा विलक्षण होता. राजा मिनॉस, त्याचा चक्रव्यूहासारखा प्रासाद आणि त्यात कोंडलेला वृषभमुखी नरपशू मिनोटॉर ही कथा ग्रीक वाङ्मयातून सर्वपरिचित होती. उत्खननात सापडलेल्या संस्कृतीला इव्हान्स यांनी ‘मिनोअन’ हेच नाव रूढ केले. तिच्यावर लिहिलेल्या प्रचंड ग्रंथाला, ज्याचे खंड १९२१ ते १९३५ या काळात निघाले, ‘मिनॉसचा प्रासाद’ असे शीर्षक दिले. आणि भग्न वास्तूचे काही भाग सिमेंट-काँक्रीटने पुन्हा उभारून त्या कल्पनेला दृश्य रूपही दिले. आज क्नोसॉसला जाणारा प्रवासी जे पाहतो त्यात प्राचीन किती आणि इव्हान्स यांचे किती, हे वेगळे करणे सोपे नाही. या संस्कृतीची भाषा ग्रीक नव्हती, आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवर क्रीटचेच प्रभुत्व होते, हा इव्हान्स यांचा सिद्धांत. ॲलन वेस आणि कार्ल ब्लेगेन यांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्याला हरकत घेतली होती. पण इव्हान्स यांच्या अधिकारापुढे ती दीर्घकाळ निष्प्रभ ठरली.

या पगड्याचा परिणाम एका लहानशा उदाहरणावरून स्पष्ट होतो. क्नोसॉसच्या एका पट्टावर घोड्याच्या मस्तकाच्या चित्राशेजारी दोन चिन्हे होती. त्यांचे सायप्रस बेटावरील अक्षरलिपीतील चिन्हांशी साम्य होते, आणि ती सायप्रसची लिपी १८७० नंतरच्या दशकात वाचली गेलेली होती. त्या वाचनानुसार ही दोन चिन्हे ‘पो-लो’ अशी होतात. ग्रीकमध्ये ‘पोलॉस’ म्हणजे शिंगरू. इव्हान्स यांच्या हे ध्यानात आले होते. तथापि क्नोसॉसची भाषा ग्रीक असणे त्यांच्या सिद्धांतात बसत नसल्याने त्यांनी हे साम्य योगायोग म्हणून बाजूस सारले. पुढे ते वाचन बरोबर ठरले.

इव्हान्स यांच्याविषयी दुसरीही एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. क्नोसॉसचे बहुसंख्य पट्ट त्यांच्या हयातीत अप्रकाशितच राहिले. १९४१ साली ते निवर्तले. त्यांनी योजिलेला लेखसंग्रहाचा दुसरा खंड जॉन मायर्स यांनी संपादित करून १९५२ साली प्रसिद्ध केला. म्हणजे पट्टांचा शोध आणि त्यांची व्यवस्थित प्रसिद्धी यांत अर्धे शतक गेले. साधनसामग्री हाती नसता ज्यांनी तर्क लढविले ते चुकले यात नवल नाही.

३

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या ॲलिस कोबर यांनी याच तुटपुंज्या सामग्रीवर काम केले. त्यांचा जन्म १९०६ चा. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी संस्कृतसह अनेक प्राचीन भाषांचा अभ्यास केला. अज्ञात भाषेत या भाषांपैकी एखादी ओळखू यावी, हा त्यामागील हेतू नव्हता. भाषांची रचना किती विविध प्रकारे होऊ शकते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यांनी तयार केलेल्या टिपणपत्रांची संख्या सुमारे १,८०,००० होती. कागदाच्या टंचाईमुळे ही पत्रे मिळेल त्या कागदाची कापून केलेली असत आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवलेली असत.

कोबर यांची भूमिका एका वाक्यात सांगता येते : भाषा कोणती आणि चिन्हांचे उच्चार काय, याविषयी कोणतेही गृहीत न धरता, लेखांत जे प्रत्यक्ष दिसते त्याचीच व्यवस्था लावावयाची. १९४५ ते १९४८ या काळात ‘अमेरिकन जर्नल ऑफ आर्किऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखांतून त्यांनी असे दाखवून दिले की, रेखालिपी-ब मधील काही शब्दांचा आरंभीचा भाग समान राहून शेवटची चिन्हे नियमितपणे बदलतात. अर्थात ही भाषा सविकार असून तिच्यात प्रकृती आणि प्रत्यय यांचा भेद आहे. तसेच बेरजेसाठी येणाऱ्या शब्दाची दोन रूपे असून त्यांपैकी एक पुरुषांच्या व नर पशूंच्या, तर दुसरे स्त्रियांच्या व मादी पशूंच्या याद्यांत येते, हेही त्यांनी सिद्ध केले. एकाही चिन्हाचा उच्चार ठाऊक नसताना त्या भाषेत लिंगभेद आहे हे कळले.

यापुढील पायरी मराठी वाचकाला बाराखडीच्या दृष्टांताने सहज समजेल. देवनागरीत ‘ति’ आणि ‘तो’ यांतील ‘त’ डोळ्यांना दिसतो. रेखालिपी-ब ही अक्षरात्मक लिपी असली तरी तिच्यात ‘ति’चे चिन्ह आणि ‘तो’चे चिन्ह यांच्यात आकाराचे कसलेही नाते नाही. आता समजा, एखाद्या शब्दाची तीन रूपे अशी आहेत : पहिल्या दोहोंत शेवटून दुसरे चिन्ह समान आहे व केवळ शेवटचे भिन्न आहे, आणि तिसऱ्यात या दोहोंच्या जागी तिसरेच एक चिन्ह आले आहे. आज वाचता येणाऱ्या एका शब्दाची रूपे घ्यावयाची तर ‘रु-कि-ति-यो’, ‘रु-कि-ति-या’ आणि ‘रु-कि-तो’. प्रकृतीचे अंत्य व्यंजन कायम राहून स्वर मात्र प्रत्ययाप्रमाणे पालटत असेल, तर ‘ति’ आणि ‘तो’ यांची चिन्हे एकाच व्यंजनाची असली पाहिजेत. ‘यो’ आणि ‘या’ यांचीही तशीच. हा निष्कर्ष काढण्यास ‘त’ किंवा ‘य’ यांपैकी कशाचाही उच्चार माहीत असण्याची गरज नाही. कोबर यांनी १९४८ सालच्या लेखात अशा दहा चिन्हांचे, पाच व्यंजने आणि दोन स्वर यांचे, एक छोटे कोष्टक मांडले. ही जणू उच्चार पुसून टाकलेली बाराखडी होती. कोणती अक्षरे एका ओळीतील आणि कोणती एका रकान्यातील हे तिच्यावरून कळत होते. पण एकही अक्षर म्हणता येत नव्हते.

१९५० च्या मे महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कोबर यांचे निधन झाले.

४

मायकेल व्हेंट्रिस यांचा व्यवसाय वास्तुशिल्पाचा. १९३६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लंडनमधील एका प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी वृद्ध इव्हान्स यांना पाहिले आणि या न वाचलेल्या लेखांचा ध्यास त्यांनी घेतला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. अठराव्या वर्षी, १९४० साली, त्यांनी वर उल्लेखिलेल्या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून ही भाषा इट्रुस्कनशी संबंधित असावी असे प्रतिपादन केले. हे मत चुकीचे होते. आणि व्हेंट्रिस ते १९५२ पर्यंत बाळगून होते.

१९५१ साली एमेट बेनेट यांनी पिलॉस येथील पट्टांची प्रसिद्धी केली. ग्रीसच्या मुख्य भूमीवरील या स्थळी ब्लेगेन यांना १९३९ मध्ये सुमारे ६०० पट्ट मिळाले होते. युद्धामुळे ते बंदिस्त राहिले होते. बेनेट यांनी चिन्हांच्या लेखनभेदांतून मूळ चिन्हे निश्चित करून प्रमाण चिन्हसूचीही सिद्ध केली. एकच चिन्ह दोन हातांनी दोन तऱ्हांनी लिहिले असता ते एकच आहे हे ठरविणे, हे काम दिसावयास शुष्क असले तरी त्याच्यावाचून कोणतीही गणना विश्वसनीय होत नाही. व्हेंट्रिस यांनी या सामग्रीच्या आधारे कोबर यांचे कोष्टक विस्तारीत नेले आणि प्रत्येक टप्प्याची माहिती कार्यटिपणांच्या रूपाने निवडक अभ्यासकांना पाठविली.

१ जून १९५२ च्या विसाव्या टिपणात त्यांनी एक तर्क मांडला, आणि तोही केवळ विषयांतर म्हणून. कोबर यांनी गोळा केलेल्या त्रिरूपी शब्दांपैकी काही क्नोसॉसला आढळतात, पण पिलॉसला आढळत नाहीत; तेव्हा ती क्रीटमधील गावांची नावे असतील काय? शब्दारंभी वारंवार येणारे एक चिन्ह ‘अ’ असावे, हे अक्षरलिपीच्या स्वभावावरून संभवनीय होते. सायप्रसच्या लिपीवरून ‘ना’ आणि ‘ति’ ही दोन वाचने उसनी घेतली. कोष्टकात ‘ना’ची ओळ आणि ‘ति’चा रकाना जेथे छेदतात तेथील चिन्ह ‘नि’ ठरले. मग एका शब्दाचे ‘अ-?-नि-?’ असे रूप दिसू लागले. होमरने उल्लेखिलेले क्रीटमधील बंदर अम्निसॉस येथे बसत होते : ‘अ-मि-नि-सो’. त्याने ‘मि’ आणि ‘सो’ मिळाले, आणि कोष्टकाच्या बांधणीमुळे त्यांच्या ओळी व रकानेही उजळले. पाठोपाठ ‘को-नो-सो’ म्हणजे क्नोसॉस आणि ‘तु-रि-सो’ म्हणजे तिलिसॉस ही नावे वाचता आली. नावांपलीकडे जाऊन सामान्य शब्द वाचू लागताच ते ग्रीक निघू लागले. १ जुलै १९५२ रोजी बी.बी.सी. नभोवाणीवरून व्हेंट्रिस यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. तो ऐकून केंब्रिजचे तरुण भाषाशास्त्रज्ञ चॅडविक त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांचा संयुक्त प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयास हवे. १९४० मध्ये तर्क करणारा आणि १९५२ मध्ये तर्क करणारा माणूस एकच होता. त्याचे धाडस तेच होते, बुद्धीची चपळाई तीच होती. पहिल्या वेळी तो चुकला आणि दुसऱ्या वेळी बरोबर ठरला. प्रतिभेच्या आख्यायिकेला या फरकाचा उलगडा करता येत नाही. दरम्यान झालेला खरा बदल असा की, दुसऱ्या वेळी तर्काच्या खाली कोष्टक होते. कोष्टक नसताना एका चिन्हाविषयी केलेला चुकीचा तर्क निमूटपणे पचून जातो. कोष्टक असताना तो त्या ओळीतील आणि रकान्यातील प्रत्येक चिन्हाला बिघडवितो आणि लागलीच उघडा पडतो. बरोबर तर्काचे फळही त्याचप्रमाणे अनेक पटींनी मिळते.

५

उलगडा खरा कशावरून, हा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला गेला आणि तो विचारणे योग्यच होते. व्हेंट्रिस व चॅडविक यांनी दिलेले लेखननियम पाहिले म्हणजे संशय यावा अशीच परिस्थिती आहे. शब्दान्तीचे स्, न्, र् लिहिले जात नाहीत. र आणि ल यांना एकच चिन्ह. प, फ, ब यांत भेद नाही. जोडाक्षरे स्वर घालून फोडावयाची किंवा एक व्यंजन गाळावयाचे. त्यामुळे ‘पा-ते’ हे लेखन ‘पातेर’ म्हणजे पिता असेही वाचता येते आणि ‘पान्तेस’ म्हणजे सर्व असेही. नियम इतके सैल असतील तर कोणत्याही चिन्हसमूहातून ग्रीक शब्द काढता येईल, या स्वरूपाचा आक्षेप ए. जे. बीटी यांनी १९५६ साली घेतला.

या आक्षेपाला मिळालेले प्रसिद्ध उत्तर म्हणजे पिलॉसचा त्रिपाद-पट्ट. तो १९५२ च्या उत्खननात निघाला. उलगड्याच्या वेळी व्हेंट्रिस यांच्यासमोर तो नव्हता. ब्लेगेन यांनी त्यावर नव्या वाचनाचा प्रयोग करून मे १९५३ मध्ये व्हेंट्रिस यांना कळविले. तीन पायांच्या भांड्याच्या चित्राजवळ ‘ति-रि-पो’ हा शब्द आहे, आणि आकडा दोन असेल तेथे ‘ति-रि-पो-दे’ हे द्विवचन आहे. चार कानांच्या भांड्याजवळ ‘क्वे-तो-रो-वे’, तीन कानांच्या भांड्याजवळ ‘ति-रि-ओ-वे’ने आरंभ होणारा शब्द, आणि बिनकानांच्या भांड्याजवळ ‘अ-नो-वे’ हे शब्द आहेत. चित्रे, संख्या आणि शब्द यांची इतकी जुळणी योगायोगाने होणे असंभवनीय होय.

हा पुरावा डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे प्रत्येक वृत्तांतात त्याला मानाचे स्थान मिळते, आणि ते रास्त आहे. तथापि ज्यांना तौलनिक भाषाशास्त्राची जाण आहे त्यांच्या दृष्टीने दुसरा एक पुरावा निदान तितकाच बलवान आहे. संस्कृत ‘च’, लॅटिन ‘क्वे’ आणि ग्रीक ‘ते’ हे तिन्ही ‘आणि’ या अर्थाचे अव्यय एकाच मूळ रूपापासून आले असून त्या मुळात ‘क्व्’ असा कंठ्यौष्ठ्य ध्वनी असला पाहिजे, हे उलगड्याच्या कितीतरी आधी निश्चित झाले होते. संस्कृत ‘चत्वारः’, लॅटिन ‘क्वातुओर’ आणि ग्रीक ‘तेत्तारेस’ यांचीही कथा तीच. अभिजात ग्रीकमध्ये हा ध्वनी उरलेला नाही. त्याच्या जागी परिस्थितीनुसार त, प किंवा क आलेले आहेत. रेखालिपी-ब मध्ये मात्र नेमक्या या जागी चिन्हांची एक स्वतंत्र मालिका आढळते, आणि ती त, प, क यांच्या मालिकांत मिसळत नाही. ‘आणि’साठी ‘क्वे’, चारसाठी ‘क्वे-तो-रो’, घोड्यासाठी ‘इ-क्वो’ : हा अखेरचा शब्द लॅटिन ‘एक्वुस’ व संस्कृत ‘अश्व’ यांचा सगोत्र असून अभिजात ग्रीकमध्ये तो ‘हिप्पॉस’ झालेला आहे. त्याचप्रमाणे ‘पो-पि’ म्हणजे ‘पायांनी’ या तृतीयेच्या रूपातील ‘पि’ संस्कृत ‘पद्भिः’मधील ‘भिः’शी जुळतो.

बीटी यांच्या आक्षेपाचे खरे उत्तर या ठिकाणी आहे. सैल नियमांतून मनाजोगते ग्रीक काढावयाचे असते तर पुस्तकातले परिचित ग्रीक निघाले असते. निघाले ते मात्र होमरपूर्व काळातील, ज्ञात ग्रीकपेक्षा जुन्या घडणीचे आणि तौलनिक व्याकरणाने अनुमानिलेल्या रूपांशी जुळणारे ग्रीक. असे ग्रीक कोष्टकाच्या रचनेत आधीच दडलेले असावे, आणि कोष्टक रचणाऱ्याला ते हवेही नसावे, यापेक्षा निःपक्ष साक्ष दुसरी कोणती असणार? रेखालिपी-ब मुळे ग्रीक भाषेचा लिखित इतिहास वर्णमालेतील पहिल्या लेखांच्या मागे पाच शतकांहून अधिक गेला.

६

आता दोन्ही ग्रंथांकडे वळता येईल. चॅडविक यांच्या ग्रंथाचे गुण थोर आहेत. विषय अत्यंत तांत्रिक असूनही त्यांची मांडणी कोठे दुर्बोध होत नाही. व्हेंट्रिस यांची इट्रुस्कनविषयीची दीर्घ चूक ते झाकीत नाहीत. टीकाकारांसाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरणच योजिले आहे. ६ सप्टेंबर १९५६ रोजी, चौतीस वर्षांचे असताना, व्हेंट्रिस मोटार-अपघातात मरण पावले. दोन वर्षांनी निघालेल्या या ग्रंथाला मित्राच्या स्मारकाचे स्वरूप येणे स्वाभाविक होते, आणि त्या निष्ठेचा आदर केला पाहिजे.

परंतु ग्रंथाच्या घडणीत जो दोष आहे तो याच निष्ठेतून आलेला आहे. पहिले प्रकरण व्हेंट्रिस यांच्या जीवनावर आहे. म्हणजे लिपीचा परिचय होण्यापूर्वी वाचकाला नायकाचा परिचय होतो. कोबर यांचे विवेचन येते ते तिसऱ्या प्रकरणात, आणि त्या प्रकरणाचे शीर्षक ‘आशा आणि अपयशे’ अशा अर्थाचे आहे. सिद्धांताचा ‘जन्म’ त्यानंतरच्या प्रकरणात होतो. चॅडविक कोबर यांचे श्रेय नाकारीत नाहीत. त्या अधिक जगत्या तर पुढील कार्यात त्यांचा मोठा वाटा असता, असे ते स्पष्ट म्हणतात. पण ग्रंथाची रचना विधानांपेक्षा अधिक बोलते. ज्या पद्धतीने उलगडा झाला ती पद्धत फसलेल्या प्रयत्नांच्या यादीच्या शेवटी ठेवली गेली, आणि तिचा उपयोग मात्र जन्म म्हणून गणला गेला.

फॉक्स यांच्या ग्रंथाने हा असमतोल दूर केला. टेक्सास विद्यापीठात जतन केलेल्या कोबर यांच्या कागदपत्रांचा व पत्रव्यवहाराचा त्यांनी परिश्रमपूर्वक उपयोग केला आहे. कोष्टकामागील तर्कशास्त्र सामान्य वाचकाला इतक्या विशदपणे अन्यत्र क्वचितच सांगितलेले आढळेल. ग्रंथाचे तीन भाग उत्खनक, शोधक आणि वास्तुशिल्पी अशा तीन व्यक्तींना वाहिलेले आहेत, आणि मधला भाग कोबर यांचा आहे. हे कार्य होणे आवश्यक होते.

तरीही या ग्रंथाने आख्यायिकेचा पाया हलविला असे म्हणवत नाही. त्यावरील मूर्ती बदलली इतकेच. कथा अजूनही व्यक्तींची आहे, आणि वाचक पुस्तक मिटतो तो ‘कोबर जगल्या असत्या तर?’ हा प्रश्न मनात घेऊन. या प्रश्नाला उत्तर नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्वही मर्यादित आहे. कोबर यांचा संयम आणि व्हेंट्रिस यांचे धाडस या दोहोंपैकी एकच पुरेसे झाले असते असे दाखविता येत नाही. उच्चारविरहित कोष्टक कितीही पूर्ण झाले तरी कोठे तरी एक-दोन उच्चार तर्काने रोवल्यावाचून ते बोलू लागत नाही. उलट कोष्टकावाचून केलेला तर्क काय करतो हे १९४० च्या लेखात दिसले. शिकण्यासारखी गोष्ट आहे ती या दोहोंच्या क्रमाची. आधी चिन्हांचे परस्परसंबंध, मग उच्चार, सर्वांत शेवटी भाषेचे नाव. इव्हान्स यांनी भाषेविषयीच्या निर्णयापासून प्रारंभ केला, आणि म्हणून हाती आलेले शिंगरू त्यांनी सोडून दिले.

७

आख्यायिकेचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. वाचता येऊ लागलेल्या पट्टांत मिनोटॉर नाही, आणि कोणतेही काव्य नाही. मेंढ्या, लोकर, तेल, कांसे, रथ, दासींच्या व त्यांच्या मुलांच्या शिध्याच्या नोंदी असे राजवाड्याच्या दप्तरातले हिशेब तेवढे त्यांत आहेत. क्नोसॉसच्या एका पट्टावर मधाच्या दोन कुंभांची नोंद आहे : एक सर्व देवांसाठी आणि एक ‘द-पु-रि-तो’च्या स्वामिनीसाठी. हा शब्द म्हणजेच ‘लॅबिरिंथ’, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चक्रव्यूह आहे, पण त्यात कोंडलेला राक्षस नसून मध स्वीकारणारी देवता आहे. वृषभही आहेत. क्नोसॉसच्या काही पट्टांवर कामाच्या बैलांच्या जोड्या नावानिशी नोंदविल्या आहेत, आणि ती नावे ठिपकेदार, काळा, पांढऱ्या पायांचा अशा अर्थांची आहेत. कबऱ्या, काळ्या अशी नावे गोठ्यात ऐकणाऱ्या समाजाला ही यादी परकी वाटू नये.

भारतीय अभ्यासकासमोर सिंधू लिपीचा प्रश्न अद्याप उभा आहे. तिच्याबाबतीत द्विभाषी लेख नाही, आणि लेख बहुधा चार-पाच चिन्हांचे आहेत. त्यामुळे कोबर यांनी शोधली तशी प्रत्ययांची रूपावली मिळणे अतिशय कठीण आहे. तरीसुद्धा ती वाचल्याचे दावे वरचेवर होत असतात, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रारंभ भाषेच्या नावाने होतो : ती संस्कृत आहे किंवा द्राविडी आहे, असे आधी ठरते आणि चिन्हांना उच्चार नंतर दिले जातात. इरावतम महादेवन यांनी स्वतः द्राविडी पक्षाचे असूनही १९७७ साली लेख, चिन्हे आणि त्यांचे स्थान यांची जी सूची प्रसिद्ध केली ती कोणत्याही पक्षाच्या अभ्यासकाला वापरता येते. कोबर यांची टिपणपत्रे आणि बेनेट यांची चिन्हसूची ज्या जातीची होती त्याच जातीचे हे काम होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याने नव्या वाचनाचा दावा हाती आला असता प्रथम एवढेच पाहावे की, दावेदाराने चिन्हांचे कोष्टक उच्चार देण्यापूर्वी मांडले आहे की नंतर. आणि जो लेख त्याने पाहिलेला नव्हता अशा एखाद्या लेखावर त्याचे वाचन कोणी लावून पाहिले आहे काय.